बर्कलीची गुलाबबाग, मंदीतील रोजगार कामे आणि आपली दुष्काळी कामे

चाफा

नमस्कार. माझा मुलगा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकतो आणि मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे आले आहे. तो विद्यापीठात गेला की मी पायी फिरायला निघते. गेल्या आठवड्यात युक्लिड ॲव्हेन्यूवरील गुलाबबागेत गेले. रस्त्यावरून बाग नीट दिसत नाही. आत उतरल्यावर कळते की डोंगरातल्या घळीला पंख्यासारखा आकार देऊन एकाखाली एक दगडी टप्पे बांधले आहेत, प्रत्येक टप्प्यावर गुलाब आहेत आणि तळाशी ओढा वाहतो. समोर खाडी आणि तिच्या पलीकडे गोल्डन गेट पूल दिसतो. संध्याकाळी मुलाला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ही बाग १९३० च्या दशकातील महामंदीत सरकारने बेकार माणसांना काम मिळावे म्हणून बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने फूटपाथच्या काँक्रीटमध्ये उमटवलेली ‘डब्ल्यू पी ए’ ही तीन अक्षरे दाखवली. अक्षरांच्या खाचांत शेवाळ साठले होते. मी खाली बसून त्यांवरून बोट फिरवले.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. माझी आई माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती दगड धरायची आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख आजही मधोमध दुभंगलेले आहे. कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे ज्वारीसारख्या धान्याच्या, भाकरी असायच्या. ‘दुष्काळी काम’ हा शब्द आमच्या घरात हलक्या आवाजातच उच्चारला जायचा आणि निकृष्ट कामालाही गावात तेच नाव होते.

म्हणून जाणकारांना विचारते. इथली कामे आपल्या दुष्काळी कामांसारखीच होती का? या गावात अशी आणखी काय काय कामे झाली? सक्तीच्या गरजेतून निघालेले काम इतके देखणे कसे झाले आणि नव्वद वर्षांनंतरही कसे टिकले? ते करणाऱ्या माणसांची नावे कुठे आहेत का?

युक्लिडवाट

चाफाताई, मी या गावात एकवीस वर्षे राहतो आणि तुम्ही ज्या बागेत गेलात तिथे दर रविवारी जातो. तुमचे प्रश्न मोठे आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

होय, प्रकार तोच. काम हवे असलेल्या माणसाला नुसती मदत न देता मजुरी द्यायची आणि त्या मजुरीतून गावाच्या उपयोगाचे काहीतरी उभे करायचे, हाच विचार दोन्हीकडे होता. १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत साधारण दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हॅरी हॉपकिन्स यांच्या हाताखाली सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे सीडब्ल्यूए, सुरू झाले आणि दोन-तीन महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक माणसे त्याच्या हजेरीपटावर आली. ते १९३४ च्या वसंतात बंद झाले. त्यानंतर १९३५ ते १९४३ या काळात वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे डब्ल्यूपीए, चालले आणि त्या आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसांना त्याने कधी ना कधी काम दिले. गुलाबबागेची सुरुवात १९३३ मध्ये सीडब्ल्यूएच्या मजुरांनी केली आणि १९३७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली तोवर काम डब्ल्यूपीएकडे आलेले होते. वरच्या टप्प्यावर लाल गुलाब लावायचे, खाली उतरत रंग फिके करत न्यायचे आणि सर्वांत खाली पांढरे ठेवायचे, अशी मूळ मांडणी होती. वरच्या कडेने कमानीसारखा वळणारा रेडवुडचा मांडव तुम्ही पाहिला असेलच.

आता देखणेपणाविषयी. माझ्या मते खरे कारण असे की पैसा आला तेव्हा या गावाकडे आराखडे तयार होते. विद्यापीठाचे गाव असल्यामुळे वास्तुरचनाकार, उद्यानरचनाकार, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नगररचनेचा विचार करणारी माणसे इथे आधीपासून राहत होती आणि गावाच्या कामात लक्ष घालत होती. टिल्डन उद्यानाचेच पाहा. बर्कलीच्या मागच्या डोंगरात पाणीपुरवठा संस्थेची जादा ठरलेली जमीन होती. ती उद्यानासाठी कशी राखावी याचा अहवाल ओल्मस्टेड बंधू आणि ॲन्सेल हॉल यांनी तयार केला आणि तो विद्यापीठाच्याच लोकप्रशासन विभागाने १९३० मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी डब्ल्यूपीए अस्तित्वातही नव्हते. नोव्हेंबर १९३४ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, इथल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेऊन प्रादेशिक उद्यान जिल्हा स्थापन करण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने मत दिले. त्यानंतर सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरची, म्हणजे सीसीसीची, तरुण मुले आणि डब्ल्यूपीएचे मजूर आले आणि त्यांनी रस्ते, पायवाटा, दगडी चुली आणि सहलीच्या जागा केल्या. ज्या भागात आता लहान मुलांना निसर्ग दाखवायला नेतात, तिथे या मुलांची छावणी होती. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतले २५ थेट घरी पाठवले जात.

जॉन हिंकेल पार्कमधील दगडी खुले रंगमंदिर १९३४ चे आहे, तेही सीडब्ल्यूएच्याच मजुरांचे. खाडीकाठचे अॅक्वाटिक पार्क डब्ल्यूपीएचे. विद्यापीठाच्या आवारात स्ट्रॉबेरी क्रीकजवळ विटांचे जुने वीजघर आहे, ज्याचे त्या काळात कलादालन केले गेले. त्याच्या दर्शनी भिंतीवर हेलन ब्रूटन आणि फ्लोरेन्स स्विफ्ट या दोन चित्रकर्तींनी १९३६ मध्ये केलेली मोझेक चित्रे आहेत आणि ती अवश्य जवळून पाहा. डब्ल्यूपीएने कलाकारांनाही मजूर मानले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण भूक चित्रकारालाही लागते आणि गवंड्यालाही. डाउनटाउनच्या टपाल कचेरीत सुझॅन शॉयर यांचे भित्तिचित्र आहे, पण ते सरकारी तिजोरी खात्याच्या कलायोजनेतले आहे.

इथे एक भेद स्पष्ट करतो, कारण बहुतेक जण तो विसरतात. पीडब्ल्यूए नावाची दुसरी संस्था होती आणि ती ठेकेदारांमार्फत मोठ्या इमारती बांधून घेत असे. डब्ल्यूपीए मजुरांना थेट कामावर घेत असे आणि त्यांतले बहुसंख्य सरकारी मदतीच्या यादीवरचे असावे लागत. त्यामुळे ‘न्यू डीलच्या’, म्हणजे रूझवेल्टच्या मंदीनिवारण योजनांच्या, ‘काळातले’ आणि ‘रोजगार कामातून झालेले’ हे दोन्ही एकच धरू नये.

टिकण्याविषयी सांगायचे तर ते आपोआप टिकलेले नाही. रेडवुडचा तो मांडव कुजला होता आणि कित्येक वर्षे त्याला कुंपण घातलेले होते. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांच्या पैशातून तो पुन्हा उभा केला गेला. टपाल कचेरी विकण्याचा विचार २०१२ मध्ये जाहीर झाला तेव्हा नगरपालिका आणि रहिवासी दोघेही विरोधात उभे राहिले आणि तो व्यवहार झाला नाही. मी स्वतः त्या पायऱ्यांवर दोन संध्याकाळी उभा होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या वडिलांनी याच काळात कुठल्याशा रस्त्याच्या कामावर फावडे धरले होते आणि त्यांनी ते आयुष्यभर कुणाला सांगितले नव्हते.

नावे मात्र बांधकामावर नाहीत. आराखडा करणाऱ्यांची नावे सापडतात, मजुरांची हजेरीपटांतच राहिली. या सगळ्या कामांची देशभरातली नोंद करणारा ‘लिव्हिंग न्यू डील’ हा प्रकल्प याच विद्यापीठाच्या भूगोल विभागातून उभा राहिला आहे. त्याच्या नकाशावर हजारो जागा आहेत.

निवृत्त_जलसंधारण

युक्लिडवाट यांचे उत्तर वाचून आनंद झाला, परंतु चाफाताईंच्या प्रश्नातील ‘निकृष्ट’ हा शब्द मला बोचला, म्हणून लिहितो. मी पस्तीस वर्षे जलसंधारणाच्या कामांवर होतो आणि त्यांतली पहिली बरीच वर्षे रोजगार हमीच्या कामांवर गेली.

तुलना करताना प्रमाण लक्षात घ्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सीडब्ल्यूएने ऐन भरात संपूर्ण अमेरिकेत जेवढ्यांना काम दिले, त्याहून अधिक माणसे एकट्या महाराष्ट्रात, आणि तीही अन्नाचीच भ्रांत असलेली. त्या महिन्यात तालुक्याच्या उपअभियंत्यापुढचा प्रश्न सुंदर काय होईल हा नव्हता. उद्या सकाळी फाट्यावर येऊन बसणाऱ्या आणखी दोनशे माणसांना कुठल्या कामावर घालायचे, हा होता. खडी फोडण्याची कामे निघाली ती त्यामुळे. त्यांना आराखडा लागत नाही, दगड आणि हातोडी पुरते. त्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी पुढे वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून राहिले, हे मी नाकारत नाही. माझ्या डोळ्यांदेखत मातीत गेलेले ढीग आहेत.

परंतु त्याच दुष्काळात आणि त्यानंतर पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, बांधबंदिस्ती झाली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. इथे आपण अमेरिकेच्या पुढे गेलो, हे मी ठामपणे म्हणतो. डब्ल्यूपीएचे काम म्हणजे सरकारने दरवर्षी पैसा मंजूर केला तर मिळणारे काम होते. त्यावर कुणाचा हक्क नव्हता आणि युद्धामुळे बेकारी संपल्यावर ते बंद झाले. आपल्याकडे मागेल त्याला काम देणे हे शासनावर कायद्याने बंधनकारक झाले, त्यासाठी शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला आणि पुढे २००५ चा केंद्राचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

आराखडे आधी तयार असणे ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. आमच्याकडे ज्या तालुक्यात पाझर तलावांच्या जागांची पाहणी आधी झालेली होती, तिथले तलाव आजही विहिरींना पाणी देतात. जिथे दुष्काळ जाहीर झाल्यावर घाईने रेषा मारल्या गेल्या, तिथे सांडव्याची जागा चुकली किंवा तळाशी पाणी मुरणारा खडकच नव्हता. मजूर तेच आणि घमेलीही तीच, तरी तलाव वेगळे झाले. त्यामुळे निकृष्टपणाचा दोष खडी फोडणाऱ्या बाईच्या माथी मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विद्यापीठाची संगत लाभली की काय होते, याचेही आपल्याकडे उदाहरण आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणण्याची आणि झाडे जगवण्याची मजुरी योजनेतून, आणि कलमे व शिफारशी कृषी विद्यापीठांकडून. आटपाडी, सांगोला, माण या भागांत जिथे बाजरीही नीट येत नव्हती, तिथे डाळिंब उभे राहिले आणि पुढे राहुरीच्या विद्यापीठाने आणलेल्या ‘भगवा’ वाणाने त्या मुलखाचे अर्थकारण पालटले. चाफाताई, बर्कलीच्या टप्प्यांवर गुलाब आहेत, तुमच्या माहेरच्या माळावर डाळिंबे आहेत.

वाचनखूण

वरच्या दोन्ही उत्तरांत दगड आणि माती आली, म्हणून मी कागदाविषयी लिहिते. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते (बर्कलीच्या नव्हे, दुसऱ्या राज्यातील) आणि आमच्याकडे त्या काळातील टंकलिखित सूची अजूनही वापरात आहेत.

महाविद्यालयाच्या गावात रोजगार कामांचे एक वेगळेच रूप दिसले, कारण इथले बेकार म्हणजे केवळ गवंडी आणि हमाल नव्हते. कारकून, शिक्षक, नकाशाकार, प्रयोगशाळेतील मदतनीस हेही होते. त्यांना संग्रहालयांतील नमुने स्वच्छ करणे, त्यांना क्रमांक देणे, जुनी दप्तरे उतरवून काढणे अशी कामे मिळाली. बर्कलीत वन खात्याच्या संशोधन केंद्रातील आल्बर्ट वीसलँडर यांनी कॅलिफोर्नियातील वनस्पतींचे नकाशे करण्याचे काम १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले होते आणि मंदीच्या काळात त्यांना या योजनांतील मनुष्यबळ मिळाले. माणसे डोंगर चढून जात, ठरवलेल्या तुकड्यात कोणती झाडे किती आहेत ते मोजत, जागेचा फोटो घेत आणि रंगीत पेन्सिलींनी नकाशा भरत. ते नकाशे आणि फोटो जपले गेले, आणि आज हवामान बदलामुळे जंगल कुठे सरकले हे शोधणारे संशोधक त्याच जागी जाऊन पुन्हा मोजणी करतात. ज्याने १९३५ मध्ये मजुरीसाठी ओकची झाडे मोजली, त्याने कशाची नोंद करून ठेवली आहे हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. जून १९३५ मध्ये नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले आणि गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयातच काम देऊन महिन्याला साधारण १५ डॉलर मिळू लागले. पुस्तके लावणे, प्रयोगशाळेतील भांडी धुणे, प्राध्यापकांचे कागद टंकलिखित करणे, असे काम असे. ही रक्कम लहान वाटते, पण तिच्याअभावी शिक्षण सोडावे लागणारे हजारो होते. टेक्सास राज्यात या संस्थेचे प्रमुख सत्तावीस वर्षांचे लिंडन जॉन्सन होते. ते स्वतः सॅन मार्कस या छोट्या गावातील अध्यापक महाविद्यालयात कामे करून शिकले होते. पुढे ते अध्यक्ष झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्यातून विद्यार्थ्यांसाठी ‘वर्क-स्टडी’ योजना आली, जी आजही चालू आहे. चाफाताई, तुमच्या मुलाला ती मिळणार नाही, कारण परदेशी विद्यार्थी तिला पात्र नसतात. त्याला आवारातील साधे काम मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते.

हे लिहिताना साताऱ्याची आठवण न होणे अशक्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेत याआधीच रुजवले होते. मात्र तिथे तिजोरी सरकारी नव्हती. मुलांनी शेतात राबायचे, स्वतः रांधायचे आणि शिकायचे, आणि बाकीचा भार समाजाने उचलायचा. आज पुणे विद्यापीठातील ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. माझे वडील त्याच वाटेने शिकले.

रानजाई

एक बाजू राहून जाते आहे, ती थोडक्यात मांडते. या कामांना कुंपणही होते. डब्ल्यूपीएमध्ये एका कुटुंबातून एकालाच काम मिळे, त्यामुळे नवरा असलेल्या बाईची पाळी सहसा येत नसे, आणि ज्यांना काम मिळाले त्यांना बहुतेक वेळा शिवणकामाच्या खोल्यांत बसवले गेले. सीसीसी तर फक्त मुलग्यांसाठीच होते. १९३९ पासून अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना डब्ल्यूपीएचे दार बंद झाले. त्या वेळी कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या भारतीयांना भगतसिंग थिंड यांच्या खटल्यातील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या निकालामुळे नागरिकत्व मिळतच नव्हते आणि ते १९४६ मध्ये खुले झाले, म्हणजे डब्ल्यूपीए संपून तीन वर्षे झाल्यावर. आपल्या दुष्काळी कामांवर आणि रोजगार हमीवर बायका मोठ्या संख्येने होत्या, लेकरू झाडाखाली झोळीत टाकून का होईना, पण हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव होते. निवृत्त_जलसंधारण यांनी उल्लेखलेल्या हक्काचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चाफा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘निकृष्ट’ हा शब्द मी गावाच्या तोंडचा म्हणून लिहिला होता, पण तो मलाही इतकी वर्षे खराच वाटत होता, हे कबूल करते.

काल विद्यापीठातली ती मोझेक चित्रे पाहिली. ओढ्याच्या बाजूने गेले तर झाडांमुळे आधी दिसेनात, मग उन्हाची तिरीप पडली आणि एकेक तुकडा चमकू लागला. तुकडे हाताने फोडलेले आहेत, कडा सारख्या नाहीत.

रात्री आईला फोन लावला. मी खडीचा विषय काढला तेव्हा ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली की आमच्या टोळीची खडी पडून राहिली नाही, ती दहिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याखाली गेली आणि त्यानंतर दोन महिने ती पाझर तलावाच्या भरावावर होती. त्या तलावात यंदा फेब्रुवारीपर्यंत पाणी होते, हे तिला माहीत होते. मला माहीत नव्हते. टोळीत कोण कोण होते असे विचारल्यावर ती एकेक नाव सांगू लागली, माहेरच्या आडनावासकट, कोण कुठे बसायची त्या क्रमाने. मी वहीत अकरा नावे लिहून घेतली आहेत. बारावी तिच्या उजव्या हाताला बसायची आणि डावखुरी होती, एवढे तिला आठवते, नाव आठवत नाही. धाकट्या मावशीला ते ठाऊक असेल असे ती म्हणाली. उद्या मावशीला फोन करणार आहे.